सर्दी जातच नाही : गिनीपिगच्या श्वासाचा त्रास रेंगाळतो तेव्हा

आजचा भाग गिनीपिग पाळणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही थांबायला हरकत नाही, कारण शेजारच्यांचा गिनीपिग मे महिन्याच्या सुट्टीत सांभाळायची वेळ कुणावरही येऊ शकते. (ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. माझे ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ तेवढे गाळले आहेत, बाकी सगळं तसंच.)

श्रोत्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. “महिना-दीड महिना झाला, आमच्या गिनीपिगची सर्दी जातच नाहीये. औषध चालू असतं तोवर ठीक असतो, बंद केलं की परत घुरघुर सुरू. आता कुठलं औषध देऊ?”

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. ते असं, की ‘कुठलं औषध’ हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. आठवडाभराचा त्रास सर्दी असू शकतो. महिनाभर टिकलेला त्रास, तोही दोन वेळा औषध होऊन, बऱ्याचदा वेगळंच काहीतरी सांगत असतो. तिथे तिसरं अँटिबायोटिक शोधण्याआधी ‘हे आहे तरी काय’ असं विचारायला हवं. आज त्याबद्दलच बोलू.

पण आधी तातडीचं. हे वाचत असताना तुमचा गिनीपिग तोंड उघडून श्वास घेत असेल, मान पुढे ताणून बसला असेल, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसत असतील, किंवा गेल्या बारा तासांत त्याने तोंडात काही घेतलं नसेल, तर वाचणं थांबवा आणि डॉक्टरांकडे निघा. नेताना त्याला पाठीवर उताणा धरू नका. पोटावर, चारी पायांवर, खाली टॉवेल अंथरलेल्या हवेशीर डब्यात न्या.

इतकी घाई का? कारण गिनीपिग श्वास नाकानेच घेतो. आपलं नाक चोंदलं की आपण तोंड उघडतो आणि काम भागतं. त्याच्या घशाची ठेवण अशी आहे की तोंडाने श्वास घेणं त्याला नीट जमतच नाही. त्यामुळे त्याने तोंड उघडलं याचा अर्थ नेहमीचा रस्ता जवळपास बंद झालाय. दुसरं कारण पोटाचं. त्याचं आतडं सतत काहीतरी आत येत राहील या हिशोबावर चालतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि श्वास आणखी जड होतो. बरेच गिनीपिग मूळ आजारापेक्षा या उपासानेच खचतात.

श्वास मोजायचा कसा

तो शांत बसलेला असताना, हात न लावता, बरगड्यांच्या मागची कूस बघा. पंधरा सेकंदांत किती वेळा वरखाली होते ते मोजा आणि चाराने गुणा. मोठ्या गिनीपिगचा आकडा मिनिटाला साधारण ४० ते १०० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. एवढी मोठी रेंज असल्यामुळे पुस्तकातल्या आकड्याचा तसा उपयोग नाही, तुमच्या गिनीपिगचा नेहमीचा आकडा माहीत असणं महत्त्वाचं. ज्यांचा प्राणी आत्ता ठणठणीत आहे त्यांनी आजच मोजून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजलं तर आणखी सोपं.

आकड्याहून जास्त बोलकी असते ती मेहनत. निरोगी गिनीपिगचा श्वास जवळजवळ दिसत नाही. कूस भात्यासारखी आत-बाहेर होत असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाबरोबर डोकं हलत असेल, तर आकडा कितीही असो, त्रास आहे.

आणि एका गोष्टीला घाबरू नका. तोंड धुताना गिनीपिगच्या डोळ्यांतून दुधासारखं पांढरं पाणी येतं, ते तो पंजांनी चेहऱ्यावर फिरवतो. तो पू नव्हे, त्याचा फेसवॉश आहे! अधूनमधून एखादी शिंकही चालते. नाकाभोवती सुकलेली खपली, डोळ्यांना चिकटा, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट होणं (नाक पुसून पुसून होतात ते), ही मात्र खरी लक्षणं.

जंतू असतात, पण एकटे नसतात

गिनीपिगच्या न्यूमोनियामागे दोन जंतूंची नावं सगळ्यात जास्त घेतली जातात: बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका आणि स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. यातला बोर्डेटेला ससे आणि कुत्रे बऱ्याचदा नाकात घेऊन मजेत फिरतात, अनेकदा लक्षणं न दिसता. गिनीपिगला तो फुफ्फुसापर्यंत गाठतो. आपल्याकडे दुकानांत ससे आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात ठेवलेले सर्रास दिसतात आणि लोक घरीही जोडी म्हणून तशीच ठेवतात. फोटोत छान दिसतं, पण सर्दी वारंवार परतत असेल तर सगळ्यात आधी ससा दुसऱ्या खोलीत न्या.

आता औषधाचं. बऱ्याच घरांत काय होतं, तिसऱ्या दिवशी गिनीपिग टुणटुण करायला लागतो आणि पाचव्या दिवशी औषध बंद होतं. श्वसनाच्या संसर्गाला अनेकदा दोन-तीन आठवडे औषध लागतं, काही वेळा त्याहून जास्त. अर्धवट औषधाने जंतू दबतात, जात नाहीत, आणि पुढच्या वेळी तेच औषध कमी लागू पडतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून मागच्या वेळचं प्रिस्क्रिप्शन पुन्हा वापरणंही बरोबर नाही. दोन कोर्स पूर्ण होऊनही फरक नसेल तर नाकातल्या स्रावाचं कल्चर करता येईल का, असं डॉक्टरांना विचारा. कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला दबतो, हे त्यातून कळतं. अंदाजाने औषधं बदलत बसण्यापेक्षा एक तपासणी परवडते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जरा सावकाश वाचा. फ्रिजच्या दारात मुलांचं उरलेलं अँटिबायोटिक सायरप असतं ना, ते गिनीपिगला अजिबात द्यायचं नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन आणि पेनिसिलिनचं बाकीचं कुटुंब, सेफॅलेक्सिनसारखी औषधं, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडाने दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने तो काही दिवसांत दगावू शकतो. सर्दी राहते बाजूला. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने २५ मे १९४० रोजी पेनिसिलिनची ती प्रसिद्ध चाचणी केली ती आठ उंदरांवर. उंदरांच्या जागी गिनीपिग असते तर हे औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, असं औषधशास्त्राच्या गप्पांत गमतीने म्हणतात. गिनीपिग पाळणाऱ्याला त्यात गंमत वाटत नाही. डॉक्टर साधारणपणे एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा डॉक्सिसायक्लिन यांपैकी काहीतरी देतात. चिठ्ठीवर वरच्या यादीतलं नाव दिसलं तर ‘हे गिनीपिगला चालतं ना?’ असं नम्रपणे, पण नक्की विचारा. कुत्र्या-मांजरांना ही औषधं रोज दिली जातात, त्यामुळे हात सवयीने तिकडे जाऊ शकतो.

नाक जमिनीपासून दोन बोटांवर

आता पिंजऱ्याकडे या. तुम्ही उभे असताना मुताचा वास आला तर समजा, की ज्याचं नाक अंथरुणापासून दोन बोटांवर आहे तो दिवसभर त्याच अमोनियात श्वास घेतोय. अमोनियामुळे श्वासनलिकेतली सूक्ष्म केसांची झाडणी मंदावते. ही झाडणी धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असते. ती थांबली की औषध एका बाजूने काम करतं आणि पिंजरा दुसऱ्या बाजूने पुन्हा आजारी पाडतो. माझ्या मते ‘औषध थांबवलं की परत’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच सुटतील. ओला कोपरा रोज काढा, पूर्ण अंथरूण आठवड्यातून निदान दोनदा बदला, आणि काचेच्या टाकीत गिनीपिग ठेवू नका, तिथे हवा खेळत नाही.

अंथरूण म्हणून सुतारकामाचा भुसा फुकट मिळतो, पण तो बारीक धूळ असतो, आणि देवदार किंवा पाइनचा असेल तर त्याच्या सुगंधी तेलांनी श्वासनलिका चरचरते. जुन्या फ्लीसच्या चादरीखाली रद्दी किंवा टॉवेल हा उत्तम उपाय. गवत झटकल्यावर उन्हात धुळीचा ढग दिसत असेल तर ते गवत बदला. परदेशी टिमोथी गवत महाग पडतं खरं, पण आपली हराळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, स्वच्छ जागची, कीटकनाशक न मारलेली, नीट वाळवली तर चांगली चालते.

मग घरातली हवा. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, मिरचीची फोडणी. आपण खोकतो आणि विसरतो. गिनीपिगची श्वासनलिका चटकन आकसते, इतकी की दम्याच्या संशोधनात शास्त्रज्ञांनी हाच प्राणी अनेक वर्षं वापरला. पिंजरा देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब हलवा. दिवाळीचे चार दिवस खिडक्या बंद असलेली आतली खोली.

उन्हाळ्याबद्दल विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी जास्त लक्ष द्यायचं. हा मूळचा अँडीज पर्वतातला प्राणी, त्याला १८ ते २४ अंश मानवतं. तापमान तिशीच्या पुढे गेलं की धाप लागते आणि ती सर्दीसारखी दिसते. पण लाळ गळत असेल, अंग गरम लागत असेल, तो पसरून पडला असेल तर तो उष्माघात आहे. साध्या पाण्याने ओला केलेला कपडा, पंखा आणि लगेच डॉक्टर. बर्फाचं पाणी नको. आणि कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर कधीच नको.

पेरूचा योगायोग

आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्याला खलाशांना होई तसाच स्कर्व्ही झाला. त्यातून पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागायला मोठी मदत झाली. आपल्या विषयाशी संबंध असा, की हे जीवनसत्त्व कमी पडलं की संसर्ग बरा होत नाही, झाला तर परततो.

रोजची गरज वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते ३० मिलीग्रॅम, आजारपणात डॉक्टर ती वाढवून देतात. ‘पेलेट्समध्ये असतं की’ असं म्हणू नका. पाकीट तयार झाल्यापासून दोन-तीन महिन्यांत त्यातलं बरंचसं जीवनसत्त्व उडून जातं, आणि आपल्याकडे पाकीट दुकानात येईपर्यंतच कधीकधी तेवढा वेळ गेलेला असतो. पाण्यात थेंब टाकले तर काही तासांतच निकामी होतात, शिवाय पाण्याची चव बदलल्याने तो पाणी प्यायचं कमी करतो. त्यापेक्षा ढोबळी मिरचीची रोज एक-दोन फोड, थोडी कोथिंबीर, आणि अधूनमधून पेरूचा लहान तुकडा. ज्या प्राण्याचे पूर्वज पेरू देशातले, त्याच्यासाठी आपल्या बाजारातलं सोयीचं फळ पेरूच निघावं! साखर असते, म्हणून तुकडा लहानच ठेवा.

हू, हू, हू : हृदयाचा आवाज

ऑडिओत इथे मी एक आवाज काढून दाखवला होता, वाचणाऱ्यांसाठी लिहून सांगते. लहान घुबडासारखं हलकं ‘हू… हू… हू’, प्रत्येक श्वासाबरोबर, एका तालात. कधी किंचित चिरका, रबरी खेळणं हळूच दाबल्यासारखा. काही मिनिटं येतो आणि जातो. नाक कोरडं असतं, डोळे स्वच्छ असतात, भूक बरी असते. हाच आवाज ‘जुनी सर्दी’ म्हणून महिनोन्‌महिने चालवला जातो.

तो नाकातूनही येऊ शकतो, हे खरं. गवताची काडी नाकपुडीत अडकली तरी येतो. पण तीन वर्षांच्या पुढच्या गिनीपिगमध्ये, नाक वाहत नसताना, अँटिबायोटिकने काडीचाही फरक पडत नसेल, तर हृदयाचा विचार करायलाच हवा. हृदयाचे स्नायू सैल पडले की रक्त पुढे ढकललं जात नाही, फुफ्फुसात किंवा फुफ्फुसाभोवती पाणी साठतं, आणि श्वास वाजू लागतो. सोबत काय दिसतं? पूर्वी दार उघडताच ‘वीक वीक’ ओरडत धावणारा आता बसूनच ओरडतो. दोन पावलं चालून थांबतो. वजन हळूहळू उतरतं, आणि लोक म्हणतात, ‘वय झालं.’

याचं निदान अँटिबायोटिकने होत नाही, छातीच्या एक्स-रेने होतं. शक्यतो दोन बाजूंनी काढलेला, आणि सोय असेल तर हृदयाची सोनोग्राफी. ती नसेल तिथे काही डॉक्टर शरीरातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड थोडे दिवस देऊन बघतात. एक-दोन दिवसांत श्वास हलका झाला तर उत्तर बहुतेक मिळालं. पुढे पिमोबेन्डन, बेनाझेप्रिलसारखी औषधं जन्मभर चालतात. बरं होण्याचा आजार नाही हा, हे सुरुवातीलाच समजून घ्या. पण औषधावर गिनीपिग खाऊन-पिऊन, आरामात काही महिने, कधी त्याहूनही जास्त काढतो. चुकीच्या औषधावर मात्र तेच महिने धापा टाकण्यात जातात. म्हणून मी या आवाजाबद्दल इतकं बोलते.

आणखी काही शक्यता थोडक्यात. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं वर सरकली की नाकाच्या आणि अश्रूंच्या वाटेवर दाबतात. एकाच बाजूचं नाक किंवा डोळा सतत वाहत असेल, खाताना तोंडातून घास पडत असेल, तर दाढा तपासून घ्या. मान एका बाजूला कलली असेल तर संसर्ग कानापर्यंत गेलाय. म्हाताऱ्या गिनीपिगच्या फुफ्फुसात गाठीही होतात, त्याही एक्स-रेतच दिसतात. आणि लठ्ठपणा! दीड किलोचा गिनीपिग चालताना घोरतोय म्हणून कौतुकाने व्हिडिओ टाकू नका.

डॉक्टरांकडे जाताना

सगळ्याच प्राण्यांच्या डॉक्टरांना गिनीपिगची सवय नसते, तो त्यांचा दोष नाही. आधी फोन करून विचारा, ‘तुमच्याकडे ससे, गिनीपिग बघतात का?’ मोठ्या शहरांत असे डॉक्टर मिळतात. नसतील तिथे मुंबईत परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं जवळ असतील तर तिथे चौकशी करा. सोबत तीन गोष्टी न्या: आवाजाचा व्हिडिओ (क्लिनिकच्या टेबलावर तो हमखास गप्प बसतो), आतापर्यंतच्या औषधांची नावं, डोस आणि दिवस, आणि रोजच्या वजनाची वही. किचनचा वजनकाटा त्यासाठी पुरतो. सकाळी खाण्याआधी, रोज एकाच वेळी. एक किलोचा प्राणी नऊशेवर आला तर तो दिसायला कितीही ताजातवाना असो, प्रकरण गंभीर आहे.

घरी काय करता येईल? मुलांसाठी आणलेलं नेब्युलायझर मशीन असेल तर त्यात फक्त नॉर्मल सलाइन घालून, गिनीपिगला लहान डब्यात ठेवून, वरून टॉवेल सैलसर टाकून दहा-पंधरा मिनिटं दिवसातून दोनदा देता येतं. घट्ट स्राव सुटायला मदत होते. हेही डॉक्टरांना विचारूनच, आणि दम्याची औषधं त्यात मनाने घालायची नाहीत. बाम चोळणं, गरम पाण्याचा वाफारा, ओव्याची धुरी हे आजीचे उपाय आपल्यासाठी. त्याला वाफाऱ्याने उष्माघात होईल आणि धुरीने श्वास आणखी आवळेल. खाणं कमी झालं असेल तर पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, पातळ लापशी करून, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवा. घाईने भरवलं तर ठसका लागून तीच लापशी फुफ्फुसात जाते. श्वास फार जड असेल तर आधी डॉक्टर, मग खाणं.

शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न: ‘दुसऱ्याला वेगळं ठेवू का?’ नाक वाहत असेल, शिंका येत असतील, तर हो, वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि आधी निरोग्याचं करून मग आजाऱ्याकडे जायचं. नवीन आणलेला गिनीपिगही दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवायचा, दुकानातून येताना तो काय घेऊन आलाय हे तेवढ्यात कळतं. पण त्रास हृदयाचा किंवा दातांचा निघाला तर जोडी मोडू नका. तो कळपातला प्राणी आहे, एकटा पडला की खाणं सोडतो. शेजारी दुसरा कुरूकुरू गवत चावत बसला असला की त्याला बघून हाही दोन काड्या उचलतो.